झाकणातली शेवंती

घरात फुलदाणी नव्हती. सासूबाई रोज सकाळी पाणी बदलत आणि शेवंतीचे देठ नखभर तिरके कापत. देठ आखूड होत गेले, तशी फुलं सरबताच्या बाटलीतून जॅमच्या बरणीत आली, बरणीतून कपात. आज एकच फूल उरलं होतं, औषधाच्या बाटलीच्या झाकणात.

"आई, टाका ना आता ते. मी नवी आणते," सून म्हणाली.

सासूबाईंनी झाकणात चमचाभर पाणी घातलं.

"माझा लेक गेला, त्या सकाळी तुझ्यासाठीच आणली होती ना त्यानं. आणि मी मेली काय म्हणाले? 'चार दिवसांत माना टाकतील, कशाला आणलीस?'"

त्यांनी फूल जरा सरळ केलं.

"आज अठरावा दिवस. आता हे त्याला कोण सांगणार?"