ओल्या पायांची ताई

परीक्षेचा पहिला दिवस, म्हणून सकाळपासूनच ताईसमोर मुलांची रांग लागली होती. ताई म्हणजे कॉलेजच्या तळ्याकाठचा दगडी पुतळा. तिचे पाय बारा महिने ओले असत, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. आपल्या रुमालानं ते पुसायचे, हळूच स्वतःचं नाव सांगायचं आणि मागे वळून न बघता पेपरला जायचं, ही इथली रीत. ताईला मात्र तिच्या नावानं हाक मारायची नाही. मारली तर ती रागावते म्हणे.

इतिहासाच्या मॅडम बाकावर बसून हे कौतुकानं बघत होत्या. कॉलेजचा इतिहास त्यांनीच लिहिला होता, आणि तो सांगायला कुणी सापडलं की त्यांना तहानभूक आठवत नसे. आज बाकावर शेजारी एक आजी होत्या, नातीला सोडायला आलेल्या.

"आमची नात हिच्या भरवशावर गणितात पास झाली," आजी म्हणाल्या. "ही कोण हो?"

मॅडमची कळी खुलली. कॉलेज काढणाऱ्या सरांची ही एकुलती एक लेक. इथंच शिकायची. एके दिवशी ती अचानक दिसेनाशी झाली. शोधून शोधून सगळे थकले, तेव्हा ती या तळ्यात सापडली. चेहरा कुणाला ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता, पण बापाची नजर कुठे चुकते? सरांनी ओळखलं. इथंच तिला पुरलं आणि वर हा पुतळा उभा केला. मरेपर्यंत रोज येऊन ते त्याचे पाय पुसत. त्यांचं बघून मुलंही पुसू लागली. तळ्याची ओल दगडात चढते, बाकी काही नाही, असंही मॅडमनी सांगून टाकलं.

आजी उठून पुतळ्यापाशी गेल्या. रांगेतल्या मुलांनी त्यांना वाट दिली.

"नाक अगदी हुबेहूब काढलंय," त्या म्हणाल्या.

मॅडमनी पुतळ्याकडे पाहिलं, मग आजींकडे. तेच नाक. हनुवटीवरची खळीसुद्धा तीच.

"तुम्ही तिच्या नात्यातल्या?"

"मीच ती," आजी म्हणाल्या. "लग्न करून परदेशी गेले. हा पुतळा मला नातीनं पाठवलेल्या फोटोत पहिल्यांदा दिसला."

मॅडमना रागच आला. रोज इथं वाकून पाय पुसणारा तो म्हातारा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"ते झुरून झुरून गेले हो," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे, एवढं तरी वडिलांना कळवायचंत."

आजींनी नजर पुतळ्याच्या पायांवरून वर उचलली नाही.

"त्यांना काय कळवायचं? मला गाडीत बसवून द्यायला बाबाच आले होते. म्हणाले, इकडचं मी बघून घेतो, तू मात्र परत येऊ नकोस."