धागा नसलेली ओळ

"दाखव ना, कशाची वाट बघतेस?" साहेब म्हणाले.

तिने माऊसवर हात ठेवला. भिंतीवरच्या पडद्यावर डावीकडे शिरेत औषध सोडणाऱ्या पंपाचा मूळ आराखडा होता, चौकोनांचा. उजवीकडे त्या आराखड्यावरून कॉम्प्युटरने लिहिलेला प्रोग्राम. मधे रंगीत धागे. कुठली ओळ कुठल्या चौकोनातून आली, ते धाग्यावरून कळायचं. ही सोय तिनेच केली होती. तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली होती. आज तेच तिच्या अंगाशी आलं होतं.

हॉस्पिटलला चाचणीसाठी दिलेला पंप पेशंटला औषध चालू असताना, कारण न दाखवता बंद पडला होता. डॉक्टरीणबाई स्वतः तक्रार घेऊन समोर बसल्या होत्या. पंप बंद करणारी ओळ सापडली होती. ती आली कुठून, एवढंच बघायचं होतं.

तिला ते ठाऊक होतं. मघाशी जिन्यात नणंदेनेच, ताईंनी, कानात सांगितलं होतं. ती ओळ त्यांनीच हाताने घातली होती. कॉम्प्युटरने लिहिलेल्यात हात घालणाऱ्याला इथे सरळ घरची वाट दाखवत. आणि याच ताईंनी शब्द टाकून तिला इथे लावून घेतलं होतं.

"ताई..." ती पुटपुटली.

"दाब गं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" ताई म्हणाल्या.

तिने क्लिक केलं. एकही धागा उजळला नाही.

"म्हणजे कुणीतरी घुसडलीय!" साहेब ताडकन उठले. "कोणी?"

"मी." ताई उभ्या राहिल्या. "आराखड्यात ही गोष्ट राहून गेली होती. किती वेळा सांगितलं तुम्हाला. तुमचं आपलं, नंतर बघू."

"उद्यापासून येऊ नका."

"थांबा हो जरा." डॉक्टरीणबाई पडद्यापाशी गेल्या. "ही ओळ म्हणते तरी काय?"

ताईंच्या आधी तिनेच सांगितलं, "नळीत हवा दिसली, तर पंप थांबव."

डॉक्टरीणबाई साहेबांकडे वळल्या.

"नर्स बिचारी घसा कोरडा करून सांगत होती, नळीत बुडबुडे होते म्हणून. मी तिलाच गप्प केलं. अहो, ती हवा रक्तात गेली असती. पंप थांबला म्हणून तो माणूस आज घरी जातोय."