दाराशी बसायचं काम

“तुमच्यात सगळ्यात लहान कोण?” ब्रेंडननं विचारलं.

सगळ्यांनी रेवाकडे पाहिलं. रेवा पाच वर्षांची. तिनं ताबडतोब आजीच्या कोटात तोंड खुपसलं आणि “नो वे” एवढंच म्हणाली. ब्रेंडननं आग्रह केला नाही. आयर्लंडमधल्या रॉसकॉमनच्या डोंगरातल्या या खाणीत त्यानं तरुणपणी कोळसा फोडला होता आणि ती बंद पडल्यावर तो पाहुण्यांना तीच खाण हिंडून दाखवत होता. ऐनवेळी कच खाणारी मुलं त्याला नवीन नव्हती. त्यानं रांगेवरून टॉर्च फिरवला. बाकीची सगळी मंडळी चांगली उंचीपुरी होती. टॉर्च फिरत फिरत रेवाच्या आजीवर, म्हणजे शोभनाताईंवर, येऊन थांबला. वय चौसष्ट, उंची चार फूट नऊ इंच, डोक्यावर कानापर्यंत उतरलेलं पिवळं हेल्मेट.

“या मॅडम. यू विल बी ग्रँड, काही होत नाही,” ब्रेंडन म्हणाला.

“जा ना आई, मज्जा येईल,” अनिमेष म्हणाला आणि त्यानं व्हिडिओ काढायला फोन वर धरला.

अनिमेष मुलगा गुणी होता. डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. बायको सुमेधा जवळच्या नास गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर, आज ड्यूटीवर. रेवाला सांभाळायचं म्हणून त्यानं एक एक्सेल शीट केलं होतं. त्यात आडवे महिने होते आणि उभ्या आज्या. व्हिसा नव्वद दिवसांचा. त्यामुळे एकदा त्याची आई, मग सुमेधाची आई, अशा पाळ्या लावल्या होत्या. मार्चची पाळी सुमेधाच्या आईची होती, पण त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तेव्हा आज येताना गाडीतच अनिमेषनं सांगून टाकलं, “आई, मार्चमध्ये परत तूच ये. घरी गेलो की तिकीट काढून टाकतो.” शोभनाताई खिडकीतून मेंढ्या बघत होत्या. त्या “बरं” म्हणाल्या.

बरं म्हणायची त्यांना सवयच होती. नवरा गेल्यावर नागपूरला त्यांनी पोहण्याचा क्लास लावला होता. आजवर दोनदा त्या कडेचा बार धरून पाय मारण्यापर्यंत आल्या आणि दोन्ही वेळा तिथूनच आयर्लंडला आल्या. परत गेलं की पुन्हा पहिल्यापासून. मार्चच्या बॅचला बार सोडायचाच, असं सरांनी बजावलं होतं. अनिमेषला हे माहीत होतं. “अगं, पाणी काय पळून जातंय का?” असं तो म्हणायचा, तेही लाडानं.

भिंतीत गुडघाभर उंचीवर एक कोनाडा होता. समोर लाकडी दार, दाराला दोरी. शोभनाताई आत बेताच्या मावल्या. ब्रेंडननं दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं.

“दोनशे वर्षांपूर्वीचं सांगतो,” तो म्हणाला. “आमच्याकडचं नाही, पलीकडे इंग्लंडातलं. सहा-सात वर्षांचं पोर असं बसायचं. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचं, गेली की लावायचं. दार उघडं राहिलं तर आतली हवा बिघडायची, माणसं मरायची. म्हणजे काम महत्त्वाचंच.”

“किती तास?” शोभनाताईंनी विचारलं. पोस्टात चौतीस वर्षं काढल्यामुळे त्यांना कामाचे तास आधी विचारायची सवय होती.

“बारा.”

“मधे काय करायचं?”

“काही नाही. पुढच्या गाडीची वाट बघायची.”

“बोलायला कोण?”

“गाडी ढकलणारा जाता जाता काही बोलला तर तोच.”

“आणि घरचे?”

ब्रेंडननं खांदे उडवले. “घरच्यांना वाटायचं, त्यात काय, बसूनच तर असतो.”

मग त्यानं सगळे दिवे घालवले. मिनिटभर तो प्रत्येक गटाला तसा अंधार दाखवायचा. शोभनाताई दोरी धरून बसून राहिल्या. अनिमेषच्या घरचं दार त्यांना आठवलं. दोन वाजून दहा मिनिटांनी शाळेतून रेवा. चारच्या सुमारास पार्सलवाला. सहाला सुमेधा, सातला अनिमेष. दोरी तेवढी नव्हती, लॅच होतं. मधल्या वेळात बाहेर पाऊस आणि आत फ्रिजचा आवाज. अंधारात त्यांना रडू येईलसं वाटलं होतं, पण राग आला. अनिमेषचा थोडा, आणि स्वतःच्या त्या ‘बरं’चा पुष्कळ.

दिवे लागले. कोनाड्यात बसलेल्या मुलांना ब्रेंडन शेवटी एकच प्रश्न विचारत असे. मुलं ‘नो’ म्हणून किंचाळत, लोक हसत, आणि गट पुढच्या बोगद्याकडे निघे.

“काय मग,” त्यानं वाकून विचारलं, “उद्या येणार ना कामावर?”

“नो,” शोभनाताई म्हणाल्या.

सगळे मनापासून हसले. शोभनाताई कोनाड्यातून उठल्या नाहीत. त्यांनी फोनच्या बाजूनं अनिमेषकडे नीट पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, “मार्चातही मी येत नाही. तिकीट काढू नको.”

लोक अजून हसतच होते, कारण त्यांच्या दृष्टीनं बाई अजून तोच विनोद पुढे नेत होत्या. रेवाला मराठी सगळं कळायचं. तिनं बापाचा कोट ओढला. “डॅडी, आजी इज नॉट जोकिंग.”

अनिमेषनं फोन खाली घेतला. त्याचा चेहरा उतरला होता.

“अगं आई, तो गंमत करतोय,” तो हळू आवाजात म्हणाला. “सगळ्यांनाच विचारतो तो.”

“विचारतो तरी,” शोभनाताई म्हणाल्या.