स्वयंपाकघर रंगवलं, अकरा ते तीन

"हा दिवस आपण काढून टाकू," कर्टिस म्हणाला.

करसल्लागार कर्टिसच्या टेबलावर व्हर्डेल मेब्रीच्या गेल्या वर्षीच्या कामाच्या तासांचे कागद पसरले होते. भाड्याच्या दोन घरांसाठी ती वर्षात साडेसातशे तासांवर राबली, हे दाखवता आलं तरच घरांचा तोटा नवऱ्याच्या पगारातून वजा होणार होता. नाहीतर कर भरायला एक घर विकावं लागणार होतं. करखात्याने तपासणी लावली होती.

"काढला तर तास भरतात?"

"नाही भरत. पण बघा ना, सिस्टर मेब्री," चर्चमधल्या सगळ्यांसारखा तोही तिला सिस्टरच म्हणायचा. " मार्चमधला शनिवार. स्वयंपाकघर रंगवलं, अकरा ते तीन. आणि त्याच दिवशी, अकरालाच..." त्याने चष्मा काढून पुसला. "ज्युनियसचा अंत्यविधी. पेपरात छापून आलंय. मुलाचा अंत्यविधी सोडून आई भिंती रंगवत होती, हे कोणता अधिकारी मानेल?"

"रंगवत होते."

"अहो, तुम्ही चर्चमध्ये होतात. मी होतो ना मागच्या बाकावर."

"मागून तुला काय दिसणार? माझ्या रविवारच्या वर्गातही तू मागेच बसायचास, घोरायला." ती हसली नाही. कोट अंगावर तसाच होता, पर्स मांडीवर. "विधी सुरू होण्याआधीच शवपेटीचं झाकण लावलं, तशी मी बाजूच्या दाराने निघाले. एक तारखेला भाडेकरू यायचे होते. पिवळा रंग. दोन हात दिले."

कर्टिसने चष्मा परत चढवला. मग त्याने फोन काढला. चर्चने त्या दिवसाचं चित्रण ठेवलेलं होतं.

"यात तुम्ही नसलात, तर तोच पुरावा."

पडद्यावर पास्टर बोलत होते. बोलता बोलता आवाज चढला, शब्द लांबले आणि कुठल्याशा ओळीवर प्रवचनाचं गाणं झालं. ऑर्गन त्यांच्या मागे धावू लागला. "सांगा, पास्टर, सांगा!" लोक उभे राहिले. पास्टर पुढच्या बाकाकडे हात करून गात होते, "ऊठ गं आई, थडग्यावरचा दगड सरकलाय! ऊठ गं आई!"

कॅमेरा पुढच्या बाकाकडे वळला. तिचा नवरा गुडघ्यांवर वाकून बसला होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

"मिळालं," कर्टिस म्हणाला. "रंगाची पावती आहेच. तास धरता येतील." त्याने चित्रण थांबवायला बोट पुढे केलं.

तिने त्याचं मनगट धरलं.

"असू दे."

बाकाच्या टोकाला पांढरे हातमोजे घातलेली, शोक करणाऱ्यांना वारा घालायला नेमलेली चर्चची एक सेविका उभी होती. हातातल्या कागदी पंख्याने ती त्या रिकाम्या जागेला वारा घालत होती. गाणं चढत गेलं, तरी तिचा हात त्याच संथ लयीत हलत राहिला.