येनगुड्याचा रपटा

दारात उभ्या माणसाच्या हातात वामनरावांना आपण लिहिलेलं सायकलवाटांचं पुस्तक दिसलं आणि आधी आठवलं ते इसरूचं पत्र. चौदा महिने ते शब्दकोशात पडून होतं. त्याला उत्तर गेलेलं नव्हतं.

"मी देवराव. दिव्यानीचा बाप," माणूस म्हणाला.

वामनराव बाजूला झाले. दिव्यानीचं नाव आठवडाभर पेपरात येत होतं. चंद्रपूरची मुलगी. सायकलवर निघाली, येनगुड्याच्या उतारावरून थेट नाल्यात गेली. तिसऱ्या दिवशी देह सापडला.

"पाणी आणू?"

"नको जी. पानी लय पाह्यलं या आठ दिवसात."

देवराव खुर्चीच्या कडेवर टेकला. पुस्तकात खुणेला एसटीचं तिकीट होतं. तिथं बोट ठेवून तो अडखळत वाचू लागला. ‘सिमेंटच्या ट्रकांचा रस्ता मागे टाकून आपण डोंगरात शिरतो. उतार संपताच एक चिमुकला पूल आपली वाट पाहत असतो. ब्रेकवरचा हात खुशाल काढावा आणि वाऱ्याच्या स्वाधीन व्हावं.’

सगळ्या पुस्तकात वामनरावांना स्वतःचं सर्वांत आवडलेलं वाक्य हे शेवटचंच होतं.

"पोरीनं याच्याखाली पेनानं लाइन मारली," देवराव म्हणाला. "मी जाऊन आलो तिथी. दोनदा. पूल कुठी आहे, भाऊ?"

पूल नव्हताच. तिथं रपटा होता. नाल्याच्या तळाशी टाकलेला सिमेंटचा बुटका पट्टा. कठडा नाही, काही नाही. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरूनच वाहतं. इसरूनं तसंच सांगितलं होतं. इसरू मडावीनं एकतीस वर्षं कोरपन्याच्या डोंगरात, पार तेलंगणाच्या हद्दीवरच्या शेवटच्या घरापर्यंत, सायकलवर डाक वाटली. म्हातारपणी तो दुपारचा वाचनालयात येऊन बसायचा. एकेक वळण सांगायचा आणि ग्रंथपाल वामनराव लिहून घ्यायचे.

"भाऊ, तुमी तं बसल्या जागी सारी दुनिया पाह्यता," तो हसायचा. "आता लिवा. उतार संपला का रपटा. पावसाळ्यात सायकलीवरून उतराच. शेवाळ रायते. पानी घोट्याएवढं दिसते, पन वढून नेते."

‘रपटा’ हा शब्द वामनरावांना खेडवळ वाटला. शहरातल्या वाचकाला तो कळेल का, अशी शंका आली. त्यांनी तिथं ‘पूल’ केलं. पूल म्हटल्यावर सायकलवरून उतरायची सूचना वाक्यात बसेना. मग तीही गेली.

पुस्तक छापून आलं. सायकलवाल्यांच्या मंडळानं वामनरावांना शाल दिली. इसरूचं नाव कुठंच नव्हतं. ते गाळायचं त्यांच्या मनात नव्हतं. प्रस्तावनेत आभाराचं एक वाक्य त्यांनी चार वेळा लिहून चार वेळा खोडलं होतं. ‘श्री. इसरू’ लिहावं की ‘इसरूभाऊ’, हे ठरेना. तोवर छापखान्याचा माणूस कागद घेऊन गेला.

महिन्याभरात पत्र आलं. मोठ्या, सुट्या अक्षरात.

‘भाऊ, पुस्तक भेटलं. फोटो बेस आला. माझं नाव कुठी दिसलं नाई. पुढच्या खेपेले टाकान का? नातीले दाखवलं असतं. अन् येनगुड्याले पूल नाई, रपटा आहे. तेवढं लोकायले लवकर सांगा.’

वामनरावांनी आधी ‘रपटा’ शब्दकोशात पाहिला आणि पत्र तिथंच ठेवलं. उत्तर तीनदा लिहायला घेतलं. एकदा माफी फार मोठी झाली, एकदा फार छोटी. पुढं पुढं उशिराचीच माफी मागायची पाळी आली आणि ते राहून गेलं.

देवरावनं पुस्तक उलटं केलं. मागं वामनरावांचा फोटो होता. सायकलच्या हँडलवर हात ठेवलेला. सायकल इसरूची होती.

"तुमी गेलते ना सायकलनं तिथी?"

"मला सायकल येत नाही."

देवरावनं फोटोतल्या सायकलवर बोट टेकवलं. मग त्यानं मान वर केली.

"मंग हे सारं तुमाले कोनं सांगतलं?"

शब्दकोश हातभर अंतरावर होता. हात लांबवायचा, पत्र काढायचं आणि या माणसाच्या हातात द्यायचं, एवढंच काम होतं. वामनरावांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट बसला. पण जे नाव चौदा महिने त्यांच्या लेखणीला जड गेलं होतं, ते आज सहज ओठांवर आलं.

"इसरू मडावी. येनगुड्याचा. पोस्टात होता."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

देवरावनं खिशातला पेन काढला. लिहायला दुसरा कागद नव्हता. पुस्तकाच्या कव्हरवर, वामनरावांच्या नावाखाली, त्यानं दाबून लिहिलं: इसरू मडावी, येनगुडा.

"उद्या जातो त्याच्या घरी," तो म्हणाला. "त्याले इचारतो, पूल कुठी आहे म्हून."

तो फाटकाबाहेर गेला. वामनरावांनी टेबलाच्या खणातून पोस्टकार्ड काढलं. या वेळी काही खोडावं लागलं नाही. शाई वाळायची वाट पाहिली, पायांत चपला घातल्या आणि चारची डाक निघायच्या आत चौकातल्या लाल पेटीत कार्ड टाकलं.

‘प्रिय इसरूभाऊ, उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. पुस्तकावर तुमचं नाव आलं आहे.’