मेल्याचं सोंग

बर्फासारखा गार कापसाचा बोळा दाताला टेकला आणि नानांच्या जबडाभर शिरशिरी गेली. त्यांनी पापणीही हलवली नाही.

"गार लागतंय का, नाना?" सुनेने विचारलं.

"छे. काहीच नाही."

सून दातांची डॉक्टर, आणि घरातलं माणूस म्हणजे टाळता न येणारी डॉक्टर. नाना एकाच बाजूने चावतात आणि झोपताना गाल उशीत खुपसतात, ही चुगली बायकोने केली होती. सुनेने लगेच आपल्या दवाखान्यात बोलावलं.

नानांना दाढेची फिकीर नव्हती. फिकीर होती सुईची. दुसऱ्याला टोचलेली पाहिली तरी ते खुर्ची घट्ट धरत. आणि ही पोर तर माहेरी सांगत सुटली होती, आमचे नाना कशालाच घाबरत नाहीत म्हणून. तिच्यासमोर चक्कर येऊन पडायचं?

तोडगा तिनेच नकळत दिला. फोनवर ती एका पेशंटला सांगत होती, "गार लावून बघू. कळ उठली आणि रेंगाळली, तर नस सुजलीय. मग सुई देऊन रूट कॅनाल." पेपराआड बसलेल्या नानांनी हिशेब केला. कळ दिसलीच नाही, तर सुई कशाला लागेल?

आणि कळ लपवायची म्हणजे नानांच्या हातचा मळ. हौशी नाटकांत मुडदा व्हावं तर त्यांनीच. नाकावर माशी बसली तरी अंक पडेपर्यंत ते हलले नव्हते. तरी तालीम हवीच. बाथरूमला कडी लावून, आरशासमोर, तोंडात बर्फाचा खडा.

"आत काय चाललंय इतका वेळ?" बायको बाहेरून ओरडायची.

"दाढी."

"सकाळीच तर केलीत."

"नीट झाली नव्हती."

आता खुर्चीत ती तालीम कामी येत होती. बोळा शेजारच्या दातावर आला.

"इथे?"

"नाही."

"आणि इथे?"

नानांच्या उजव्या डोळ्यात पाणी तरारलं. "नाही गं. हा तुझा दिवा तेवढा डोळ्यांवर येतो."

सुनेने चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि तोंडावरचा मास्क खाली ओढला. जिंकलो, असं म्हणून नानांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि पाय खाली सोडले.

"निघू मग? उगाच तुझे पेशंट खोळंबलेत."

"बसा, नाना. चांगल्या दाताला गार लागतं आणि लगेच जातं. काहीच लागत नाही, म्हणजे आतली नस मेलेली असते."

नानांचे पाय आपोआप वर गेले.

"आणि दुखऱ्या दाढेला मी अजून हातही लावलेला नाही," सून हातमोजे बदलत म्हणाली. "ताडून बघायला आधी चांगले दात तपासते. हे तिन्ही ठणठणीत होते. आता तुम्हीच सांगा, चार रूट कॅनाल करू, की एकच?"