चारुलताबाईंची उडी

स्केटिंग करताना इरावतीची तिहेरी उडी बर्फावर अचूक उतरली. उतरणारच, उडी चारुलताबाईंची होती. गुडघे गेल्यावर बाईंनी ती स्वतःच्या मेंदूतून काढून शिष्येच्या मेंदूत बसवून घेतली होती. उडीबरोबर ती शिकतानाच्या आठवणीही, त्यांतल्या माणसांसकट, जातात, असं फॉर्मवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. पण बाई त्या दिवशी चष्मा घरी विसरल्या होत्या.

"पदक नक्की गं. पण उडताना पुटपुटतेस काय?"

"'बाबा, हात सोडा आता.' कठड्यापाशी असतात ना ते, माकडटोपी घालून. मी पडले की तेच 'आई गं' म्हणतात."

बाईंनी कठड्याकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

"बाई, तुमचेच बाबा ना?"

"असतील. पुढच्या उडीला जरा नीट बघून सांग, नाक माझ्यासारखं आहे का."